खालच्या कोपऱ्यातला पारा

यंदा थंडीची पहिली लाट आली तेव्हा आमच्या ग्रुपवर कुणा नव्या मेंबराने विचारलं, "हिवरखेडचा आकडा कोणी टाकत नाही का? तिथं म्हणे सगळ्यात जास्त गारठा पडतो." त्याखाली जुन्यांपैकी कुणी काही लिहिलं नाही. मी मोबाइल उपडा ठेवला आणि चहाचं आधण ठेवायला उठले. त्या बिचाऱ्याचा मला राग आला नव्हता. राग आला तो आमच्या सगळ्यांच्या हौसेचा. हिवरखेडचा आकडा म्हणजे मनोहरभाऊ, आणि मनोहरभाऊंचं काय झालं हे मोबाइलवर एका ओळीत लिहिण्यासारखं नाही.

आमचा ग्रुप हवामानाचं वेड लागलेल्या माणसांचा. अमरावती-अकोल्याकडचे सगळे. नाव 'पारा'. काढला अकोल्याच्या रफिकभाईंनी. त्यांचं गादी-रजईचं दुकान आहे, त्यामुळे थंडी त्यांच्या धंद्यातच येते. पण धंदा नसता तरी ते ढगांचे फोटो काढत गच्चीवर उभे राहिलेच असते. मी अमरावतीला शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले आणि इथे येऊन पडले. उन्हाळ्यात ग्रुप झोपलेला असतो. वऱ्हाडात उन्हाचं कौतुक कोण करणार? खरी मजा हिवाळ्यात. उत्तरेकडून झंझावात आला की आधी दमट ढग येतात, दुपारी पंखा लावावा लागतो, मग अवकाळी पाऊस, कधी गारा, आणि आभाळ मोकळं झालं की उत्तरेचा वारा सुटून पहाटे दात वाजायला लागतात. ही उलथापालथ आम्हाला आवडते. खोटं कशाला सांगू, लोक क्रिकेटचा स्कोअर बघतात तसे आम्ही पहाटेचे आकडे बघतो. ज्याचा पारा सगळ्यात खाली, तो त्या दिवसाचा राजा. आणि हिवाळा संपला की मोसमातल्या सगळ्यात खालच्या आकड्याला रफिकभाईंकडून एक रजई.

मनोहरभाऊंच्या घरी रजयांची थप्पी लागली होती.

उंच, किडकिडीत माणूस. मफलर असा बांधायचे की उजवा कान झाकलेला आणि डावा उघडा. मी एकदा म्हटलं, "मनोहरभाऊ, दुसऱ्या कानावर राग आहे का?" तर म्हणाले, "डाव्या कानाले उत्तरेचा वारा पह्यले समजते म्याडम. दोनी झाकले तं मंग घरातच झोपलेलं काय वाईट?" आयुष्यातली प्रत्येक गोष्ट त्यांना हवामानासकट आठवायची. लग्न झालं तेव्हा धुकं होतं. मुलगी झाली त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं आणि पडलं मात्र काही नाही. तब्येत विचारली तर आधी किमान तापमान सांगत, मग कमाल, आणि फोन ठेवता ठेवता गुडघा दुखतो म्हणून सांगत. त्यांच्या बायकोचं, सुमनताईंचं, यावर म्हणणं होतं, "याईचं सारं प्रेम ढगावर. आमी आपले खालचे लोक."

मुलीच्या साखरपुड्यात तर त्यांनी कहर केला. गारा पडणार म्हणून ऐन वेळी अंगणातला मांडव सोडायला लावला आणि व्याह्यांसकट सगळी पंगत घरातल्या दोन खोल्यांत कोंबली. एकाचं कोपर दुसऱ्याच्या वरणात. बाहेर स्वच्छ ऊन. विहीणबाई म्हणाल्या, "काहून जी, गारा कोन्या गावाले गेल्या?" मनोहरभाऊ शांतपणे म्हणाले, "मध्यप्रदेशात पडल्या. मले खबर हाय." आणि खरोखर, जेवण सोडून ते खिडकीतून उत्तरेकडे बघत होते, गाडी चुकलेल्या पाहुण्याची वाट बघावी तसे.

त्यांचा हिवरखेडला पानमळा होता. विड्याच्या पानांच्या वेली शेवरीच्या झाडांवर चढवलेल्या, वर हिरवी जाळी, आत कायम ओल आणि सावली. पूर्वी गावात असे पुष्कळ मळे होते. लोकांनी एकेक करून मोडले, कुणी हरभरा पेरला, कुणी संत्रा लावला. मनोहरभाऊंनी मोडला नाही. जमीन उताराची. वरच्या भागात बाजारात चालणारी जात होती, तिच्यावर घर चालायचं. खालच्या कोपऱ्यात, नाल्याच्या अंगाला, त्यांच्या आजोबांनी लावलेली जुनी वेल होती. पानवेल दर वर्षी खाली उतरवून तिचं जुनं कांड मातीत पुरतात आणि शेंडा पुन्हा चढवतात. नीट जपली तर तीच वेल किती तरी वर्षं चालते. ह्या जुन्या जातीचं पान लहान आणि पातळ, चुना-कात न लावता चावलं तरी किंचित गोड लागायचं. दुसरीकडे लावायचा त्यांनी खूप खटाटोप केला, पण त्या कोपऱ्यातल्या ओलीशिवाय ती कुठे धरतच नव्हती. वाटणी झाली तेव्हा मनोहरभाऊंच्या चुलत्यांनी चांगलं ओलिताचं वावर घेतलं आणि वडिलांनी हा कोपरा मागून घेतला. गावात वडिलांना त्यावरून लोक वेड्यात काढत. मनोहरभाऊ हे सांगायचे तेव्हा आवाज अगदी हळू व्हायचा. म्हणायचे, "बापानं मले वावर नाही देल्लं म्याडम, वेल देल्ली. दुसरीकडं कुठीच नाही हे."

आणि त्यांचा थर्मामीटर याच कोपऱ्यात होता. ते सांगायचे, "थंडी पान्यासारखी असते. उतारानं येते आन खोलगट जागेत साचते." म्हणून आमच्या सगळ्यांच्या आकड्यांत त्यांचा आकडा खाली. पानवेलीला थंडी सोसत नाही. कडाका पडला की मळेकरी ओलं कुटार, म्हणजे पिकाचा भुसा, आणि कपाशीच्या पऱ्हाट्या जाळून रात्रभर धूर करतात, पहाटे पाणी सोडतात, म्हणजे जमिनीजवळ ऊब राहते. मनोहरभाऊही करत. पण त्या कोपऱ्यात धूर थोडा लांब ठेवत, आणि एरवीच्या थंडीत तेवढ्याने भागून जाई.

लांब का ठेवत, त्याला कारण झालं भातकुलीचं एक प्रकरण. भातकुलीचा एक मेंबर अचानक हिवरखेडच्याही खालचे आकडे टाकू लागला. मनोहरभाऊंनी ग्रुपवर एक अक्षर काढलं नाही. एसटी बदलत बदलत एका सकाळी त्याच्या दारात जाऊन उभे राहिले. थर्मामीटर ओलं पोतं गुंडाळलेल्या रांजणाला टेकवून टांगला होता. तरी भांडले नाहीत. चहा घेतला, पोहे खाल्ले, त्याच्या आईच्या पाया पडले आणि परत आले. मग ग्रुपवर लिहिलं, "आजपासून नेम. थर्मामीटरपाशी पानी नाही, भिंत नाही, इस्तो-जाळ नाही, धूर नाही. जागा बदलाची नाही. जागा बदलली का मांगचे सारे आकडे कचरा. आकडा खोटा आला तं तो हिवाळाच खोटा." सगळ्यांनी अंगठे दाखवले. तो नियम आजही ग्रुपच्या माथ्यावर चिकटवलेला आहे. काढायचा हात कुणाचा होत नाही.

मागच्या हिवाळ्यात संक्रांतीनंतर हवा बिघडली. दिवसचे दिवस दमट, दुपारी घामाच्या धारा. वेलींना भलत्या वेळी कोवळी फूट आली. ग्रुपवर तर उत्सव. कुणी उपग्रहाची चित्रं टाकतंय, कुणी वाऱ्याचे नकाशे. रफिकभाई तासातासाला आवाज पाठवत होते, "आ रहा है भाई, आ रहा है." एका संध्याकाळी गारा आल्या. मनोहरभाऊंच्या खालच्या कोपऱ्यावरची जाळी फाटली. त्यांनी गारेचा फोटो पाठवला, लिंबाएवढी होती, आणि आम्ही तिचंच कौतुक केलं. फाटकी जाळी त्याच फोटोत मागे दिसत होती. दुसऱ्या दिवशी आभाळ घासूनपुसून लख्ख झालं आणि वारा सुटला. मनोहरभाऊंनी दोनच शब्द लिहिले, "उद्या पाहा."

पहाटे त्यांचा फोटो आला. पारा तीनच्या खाली. त्यांच्या इतक्या वर्षांत तिथे कधी इतका उतरला नव्हता. ग्रुप नुसता नाचत होता. रफिकभाईंनी जाहीर केलं, हिवाळा संपायची वाट बघायची नाही, रजई आत्ताच, आणि ती हिवरखेडला जाऊन द्यायची. मनोहरभाऊंकडून काही उत्तर आलं नाही. आम्हाला वाटलं, गहिवरले असतील.

दोन-तीन दिवसांनी मी एसटीने अकोटला उतरले, रफिकभाई तिथे गाडी घेऊन आले होते. मागच्या सीटवर रजई, शाल, नारळ, पेढे. रस्ताभर ते भाषणाची तयारी करत होते. सुमनताई दारातच होत्या. त्यांनी नारळाकडे पाहिलं.

"कायच्यासाठी?"

"भाभी, रिकॉर्ड हुआ ना. अपने मनोहरभाऊचा सत्कार हाय."

सुमनताई दारातून बाजूला झाल्या. मग म्हणाल्या, "मळ्यात हायेत. तिथंच करा सत्कार."

मळ्याच्या तोंडाशीच वास आला, पालक शिजवून दोन दिवस तसाच ठेवल्यावर येतो तसला. वरचा भाग धुराने काळवंडला होता, जागोजाग राखेचे ढीग होते, पण वेली हिरव्या होत्या. खाली उतरत गेलो तसा हिरवा रंग संपला. कोपऱ्यातली वेल काळी पडून शेवरीवरून लोंबत होती, पानं उकडल्यासारखी. मनोहरभाऊ उकिडवे बसून एका कांडाची साल अंगठ्याच्या नखाने खरवडत होते. दोन्ही कान उघडे होते.

"धूर सारीकडं केला होता," ते आमच्याकडे न बघता म्हणाले. "कुटार, पऱ्हाट्या, वल्लं गवत, सारं जाळलं. इथं नाही केला."

"इथंच काहून नाही केला?" रफिकभाईंनी विचारलं.

मनोहरभाऊंनी खांबावरच्या थर्मामीटरकडे मान हलवली. "आकडा खोटा आला असता."

रफिकभाईंनी हातातला नारळ पाठीमागे धरला.  मनोहरभाऊ बोलतच होते. "दर साली लांबून तरी धूर लागे. या खेपी वारा उलटा होता, इकडचा धूर पुरा वर जाऊन राह्यला. मले समजलं होतं. जाळी फाटेल होती, थेबी मालूम होतं. एक रात हाय म्हनलं. इतकी जुनी वेल, एक रात काढंल म्हनलं. इथं एक टोपलं पेटवाचं होतं, रफिकभाई. एक टोपलं. काडीची पेटी खिशात होती." मग म्हणाले, "पारा उतरून राह्यला होता तसा मी खुश होऊन राह्यलो होतो. इथं, याच जागी. वेल मरून राह्यली होती आन मी हासून राह्यलो होतो."

ते वाक्य मला आजही आठवतं. कारण त्या पहाटे मीही माझ्या अंथरुणात बसून हसत होते, आणि टाळ्यांची चित्रं धाडत होते.

तेवढ्यात रफिकभाईंचं लक्ष वेलीच्या बुंध्याकडे गेलं. तिथे मातीत, ओल्या चिखलात, त्यांच्याच दुकानच्या रजया गुंडाळून सुतळीने बांधल्या होत्या. इतक्या वर्षांची सगळी थप्पी. "राती अजून थंडी हाय," मनोहरभाऊ म्हणाले. "मुळं जित्ते असतीन." रफिकभाई वर गेले, गाडीतून नवी रजई घेऊन आले आणि शेवटचा उघडा राहिलेला बुंधा स्वतः गुडघे टेकून गुंडाळू लागले. पांढरा पायजमा चिखलाने भरला. शाल आणि पेढे गाडीतच राहिले.

त्यानंतर हिवरखेडचा आकडा बंद झाला. मला मात्र फोन यायचे. दर वेळी एकच, "म्याडम, बुडापाशी हिरवं दिसते." कधी वाटायचं खरंच असेल. मग ते हिंडू लागले. अंजनगावकडचे मळे पाहिले, अकोटचे पाहिले. लोक चांगले, हवं तेवढं बेणं, म्हणजे लावायच्या फांद्या, द्यायला तयार. पण पान चावून पाहिलं की हे मान हलवून उठत. कुणी तरी सांगितलं, धारणीकडच्या एका खेड्यात एका म्हाताऱ्याच्या परसात हिवरखेडहून नेलेली जुनी वेल आहे. जीपमध्ये बसून, पुढे पायी चालून तिथे पोचले. म्हातारा भेटला, परसही होतं. वेल त्याच थंडीत गेली होती. म्हाताऱ्याने वाळलेली कांडी दाखवली, ती मागून घेऊन आले आणि कोपऱ्यात पुरून रोज पाणी घालू लागले.

एकदा सुमनताईंचा फोन आला. त्या कधी फोन करत नसत. "म्याडम, तुमी शिकल्यासवरल्या हा. तुमी सांगा न त्याईले. म्या मुळं उकरून पाह्यले. सारे सडेल हायेत. माहं आयकत नाहीत. दिवस दिवस तिथंच बसून राह्यतात, जेवाले या म्हनलं तं म्हनतात आता फूट येईन, मी नसलो तं ढोरं खातीन." मी हो म्हटलं. मनोहरभाऊंना फोन लावला आणि सांगायला तोंड उघडलं, तर पलीकडून तेच म्हणाले, "आज लय आशा वाटून राह्यली म्याडम." मी हवापाण्याचं काही तरी बोलून फोन ठेवला. ज्या माणसाकडे एवढं एकच उरलंय त्याला कसं सांगणार?

होळी झाल्यावर, उन्हाने डोळे दुखायला लागले होते तेव्हा, एका सकाळी फोन आला. आवाज इतका मोकळा होता की मी आधी ओळखलाच नाही.

"फूट आली. तुमी आन रफिकभाई या. पाहाच."

आम्ही त्याच दिवशी गेलो. त्या दिवसानंतर मी त्यांना आजवर पाहिलेलं नाही. अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ते बांधावर उभे होते. फार वाळले होते. पुढे होऊन आम्हाला कोपऱ्यात घेऊन गेले. मागून सुमनताई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

वाळलेल्या शेवरीवर खरोखरच एक हिरवीगार वेल चढली होती. पानं टोकदार, बुडाशी गोलाई असलेली. लांबून कुणीही विड्याचं पान म्हणावं. जवळ गेले आणि माझे पाय थांबले. ती गुळवेल होती. ती कुठेही येते, नाल्याच्या काठी, कुंपणावर, कडुलिंबावर. तापात तिचा काढा करून देतात. मला शहरातल्या बाईला जे दिसलं ते मनोहरभाऊंना दिसत नसेल, हे शक्य नव्हतं. डोळे बांधून हातात पान दिलं तरी त्यांनी जात सांगितली असती. पण ते पानाकडे बघतच नव्हते. ते आमच्या तोंडांकडे बघत होते.

"खाऊन पाहा," म्हणाले. तीन पानं तोडली, सदऱ्याला पुसली, एक मला दिलं, एक रफिकभाईंना, आणि तिसरं स्वतःच्या तोंडात घातलं. गुळवेल किती कडू असते हे ज्याने चाखली असेल त्यालाच माहीत. त्यांचा चेहरा हलला नाही. ते सावकाश चावत राहिले.

"तेच हाय," म्हणाले. "जरासं कडसर लागते. थंडीचा मार बसला न. पानी पडलं का गोडी भरंल."

रफिकभाई दिवसभर पान खाणारा माणूस. त्यांनी ते पान चावून चावून गिळलं. डोळ्यांत पाणी आलं होतं. "वही है, मनोहरभाऊ," ते म्हणाले. "एकदम वही है." माझं पान मी गालात धरून ठेवलं होतं, आणि मी मान डोलावली.

सुमनताईंनी तांब्या खाली ठेवला. नवऱ्याच्या अगदी जवळ गेल्या आणि त्यांच्या हनुवटीखाली आपला तळहात धरला.

"थुका," त्या म्हणाल्या.

मनोहरभाऊ चावत राहिले.

"कडू हाय ते. थुका आता."

ते सुमनताईंकडे बघत राहिले. मग मान खाली घालून त्यांनी तो हिरवा चोथा त्या तळहातावर टाकला. सुमनताईंनी हात पदराला पुसला आणि चूळ भरायला तांब्या त्यांच्या हातात दिला. त्यांनी चूळ भरली नाही. वाकून सगळं पाणी गुळवेलीच्या बुडाशी घातलं, हळूहळू, माती वाहून जाणार नाही असं. सुमनताईंनी रिकामा तांब्या त्यांच्या हातातून घेतला आणि आणखी पाणी आणायला गेल्या.